बावीस अंगठे आणि मामांचा प्रश्न

या वेळचं पत्र कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

‘ताई, मी एका फाउंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात) एचआर बघते. तिन्ही पाळ्या मिळून आमच्याकडे बावीस सुपरवायझर आहेत. बहुतेक जण मोल्डिंगवरून (वाळूचे साचे करणं), फेटलिंगवरून (ओतलेला माल घासून साफ करणं) वर आलेले. काम हातात बसलेलं आहे, पण माणसं कशी सांभाळायची हे त्यांना कधी कुणी शिकवलं नाही. दरवर्षी हॉटेलात एक दिवसाचं प्रशिक्षण होतं, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी लाइनवर पुन्हा तोच आरडाओरडा. यंदा धाकटे मालक म्हणाले, पॉडकास्ट ऐकवा, गटचर्चा घ्या, खर्चही वाचेल. मी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. दर सोमवारी नेतृत्वावरच्या एका एपिसोडची लिंक टाकते. दहा आठवडे झाले. दर वेळी बावीस अंगठे येतात. मागच्या शनिवारी सगळ्यांना चर्चेला बोलावलं तर कुणी तोंडच उघडेना. शेवटी आमचे सगळ्यांत जुने सुपरवायझर, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, ते एवढंच बोलले, “मॅडम, हे ऐकून वतकाम (ओतकाम) सुधारतंय व्हय?” सगळे हसले. मला तिथं उभं राहवेना. मालकांना काय सांगू? हे सगळं बंद करू का?’

बंद करू नका. लिंक पाठवणं मात्र आजच थांबवा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मामांच्या वाक्यापाशी थांबले. तुम्हाला ते लागलं, हे समजतं. बावीस पुरुषांसमोर एकटी बाई उभी आहे आणि सगळे हसतायत, अशा वेळी घशात आवंढा येतोच. पण आता जरा शांतपणे बघा. दहा आठवड्यांत तुमच्याकडे दोनशेवीस अंगठे आले आणि खरा प्रश्न एकच आला. ज्याला काही देणंघेणं नसतं तो अंगठा दाखवून मोकळा होतो. मामांनी विचारलं, कारण त्यांचा जीव ओतकामात आहे. त्यांना खरं उत्तर द्यायचं तर असं देता येईल: ‘नुसतं ऐकून नाही सुधारत, मामा. पण ऐकून झाल्यावर सहा-सात जणांनी बसून कालच्या पाळीबद्दल खरं खरं बोललं आणि उद्याच्या पाळीत एक गोष्ट वेगळी करून बघितली, तर सुधारतं.’ तुमच्याकडे आजवर यातला फक्त पहिला तुकडा झालाय, तोही अर्धाच.

अर्धाच का, ते सांगते. तुमच्या एखाद्या सुपरवायझरचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे पाचला उठून म्हशींची धार काढायची, दूध डेअरीला घालायचं, मग गाडीवरून पंधरा-वीस किलोमीटर येऊन पाळी धरायची. आठ तास साचे फोडून माल काढायच्या नॉकआउटचा दणदणाट आणि ग्राइंडरचा कर्कश आवाज. घरी गेल्यावर उसाला पाण्याची पाळी असेल तर मोटारीच्या लाइटीचं वेळापत्रक बघून रात्री शेतात. यात चाळीस मिनिटं कानात काही घालून बसायला जागा कुठं आहे? एकच जागा दिसते, ती म्हणजे गाडीवर येता-जाताना. तीच सगळ्यांत धोक्याची. हायवेवर इअरफोन घालून कुणी तुमचा एपिसोड ऐकत असेल तर ते तुम्हीच ग्रुपवर लिहून बंद करा. शॉपमध्ये तर प्रश्नच नाही, तिथं क्रेनची घंटा ऐकू येणं जास्त महत्त्वाचं. तेव्हा ऐकायचं ते कामाच्या वेळेत, पगारी वेळेत आणि सगळ्यांनी मिळून. हे मालकांकडून मान्य होत नसेल तर पुढचं काही करण्यात अर्थ नाही, आणि तसं त्यांना स्पष्ट सांगा.

माझं स्वतःचं सांगते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मी एका मशीन शॉपमध्ये पर्सोनेलला, म्हणजे आजच्या एचआरला होते. तेव्हा पॉडकास्ट नव्हते, कॅसेट होत्या. साहेबांनी नेतृत्वावरच्या कॅसेटचा एक संच मागवला आणि मला सांगितलं, दर शुक्रवारी कॅन्टीनमध्ये चार्जहँडना, म्हणजे लाइनवरच्या मुकादमांना ऐकवा. मी टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवायची, बटण दाबायची आणि वही-पेन घेऊन बाजूला बसायची. पाऊण तासानं विचारायची, ‘काही शंका?’ तीन शुक्रवार एकही शंका आली नाही. एकदा एकानं विचारलं, ‘मॅडम, सुटायचं का?’

चौथ्या शुक्रवारी मध्येच लाइट गेली. कॅसेटवरचा माणूस सांगत होता की, हाताखालच्या माणसाची चूक चारचौघांत काढू नये. तेवढ्यात आवाज लांबत लांबत बंद पडला. पंखे थांबले. कॅन्टीनमध्ये अर्धवट अंधार. मी काय करावं या विचारात होते, तर लेथ सेक्शनचे एक चार्जहँड, जे कधीच बोलायचे नाहीत, हळू आवाजात म्हणाले, ‘ह्यो म्हणतोय ते खरं हाय. माझ्याकडनं झालंय तसं.’ मग त्यांनी सांगितलं. नव्या पोरानं एक जॉब मापात चुकवला होता. यांनी सगळ्या लाइनसमोर त्याच्या आईबापाचा उद्धार केला. पोरगं दुसऱ्या दिवसापासून आलंच नाही. ‘हात चांगला होता हो पोराचा,’ एवढं बोलून ते थांबले. कुणीच काही बोललं नाही. मग पलीकडून दुसऱ्यानं आपलं काढलं, मग तिसऱ्यानं. लाइट पाऊण तासानं आली, पंखे फिरायला लागले. टेप पुन्हा चालू करा, असं कुणी म्हणालं नाही आणि माझाही हात बटणाकडे गेला नाही.

त्या दिवसापासून मी कॅसेट दहा मिनिटांवर बंद करायला लागले. लाइटीनं दाखवलेली वाट होती ती.

खूप नंतर वाचनात आलं की, या गोष्टीचा पुरता प्रयोग आपल्याच मराठी गावांत होऊन गेलाय. कॅनडात १९४१ साली शेतकऱ्यांसाठी ‘फार्म रेडिओ फोरम’ सुरू झाले. शेजारीपाजारी एका घरी जमायचे, रेडिओवरचा कार्यक्रम ऐकायचे आणि त्यावर बोलायचे. त्यांचं ब्रीद चार शब्दांचं होतं: वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा. त्याच धर्तीवर १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या मराठी जिल्ह्यांतल्या जवळपास १५० गावांत श्रोतामंडळं उभी केली. अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून ऐकायचे, मग आपसात बोलायचे, आणि त्यांना पडलेले प्रश्न पत्रानं आकाशवाणीकडे जायचे. पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तरं मिळायची. टाटा समाजविज्ञान संस्थेनं याची पाहणी केली, तीही ज्या गावांत श्रोतामंडळं नव्हती त्यांच्याशी ताडून. मंडळाच्या गावांतल्या लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली दिसली, बिनमंडळाच्या गावांत फारसा फरक पडला नव्हता. काही गावांत रेडिओ होता, पण त्याभोवती मंडळ नव्हतं. तिथंही फारसा फरक नव्हता.

तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे मंडळ नसलेल्या गावातला रेडिओ आहे.

आता करायचं कसं ते बघू.

बावीस जणांना एका खोलीत बसवू नका. बावीस जणांत बोलतात ते चारच, बाकीचे प्रेक्षक होतात. सात-आठ जणांचे तीन गट करा. प्रत्येक गटात मोल्डिंगचा, मेल्टिंगचा, फेटलिंगचा, मशीन शॉपचा, मेंटेनन्सचा असा मिसळून माणूस घ्या, कारण एकाच्या कामातली घाण दुसऱ्याच्या पदरात पडते आणि तीच बोलायची असते. ज्याचा साहेब त्याच गटात बसलाय तो बोलणार नाही, म्हणून ती जोडी फोडा. पंधरवड्यातून एकदा पुरे. एक पाळी सुटताना आणि दुसरी चढताना पन्नास मिनिटं मिळवा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी बसवून ठेवू नका, त्याची वेळ पाळी बदलल्यावर येऊ द्या. बैठक शक्यतो कॅन्टीनमध्ये किंवा क्वालिटीच्या खोलीत घ्या. कॉन्फरन्स रूममध्ये गेलं की, या माणसांना आपले बूट नकोसे होतात.

ऐकवायचं काय? नेतृत्वाच्या नावाखाली जे पॉडकास्ट फिरतात त्यात यशाची गुपितं सांगणारे फार असतात. ऐकताना बरं वाटतं, पण त्यात सुपरवायझरला धरायला काही नसतं. तुम्ही असा तुकडा शोधा ज्यात एखादा माणूस खरोखर अडचणीत सापडलाय. वरच्याला वाईट बातमी कशी सांगायची, कालपर्यंत शेजारच्या मशीनवर असलेला मित्र आता हाताखाली आलाय, त्याच्याशी कसं वागायचं, अनुभवी माणसानं चूक केली तर काय करायचं, असं काहीतरी. बोलणारा दवाखान्यातला असो, क्रिकेटमधला असो नाहीतर सैन्यातला, अडचण खरी असली की झालं. मराठीत असेल तर उत्तम. इंग्रजी एपिसोड आवडला असेल तर तो वाजवू नका, त्यातला प्रसंग तुमच्या शब्दांत पाच मिनिटांत सांगा. आधी स्वतः पूर्ण ऐका आणि त्यातली नेमकी दहा-बारा मिनिटं निवडा. या कामाला तुमचे आठवड्याचे दोन-तीन तास जातील. लिंक टाकायला दोन मिनिटं लागायची, हा फरक मालकांना आधीच सांगून ठेवा.

तुकडा संपला की काय विचारता, यावर सगळं उभं आहे. मागच्या शनिवारी तुम्ही बहुधा विचारलं असेल, ‘यातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न ऐकला की, पन्नाशीचा माणूससुद्धा चौथीच्या वर्गात जाऊन बसतो. एकतर गप्प राहतो, नाहीतर मॅडमना आवडेल ते उत्तर देतो. त्याऐवजी विचारा, ‘असं आपल्याकडे शेवटचं कधी झालं?’ आणि गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा, वीस मोजा. ही शांतता तुम्हाला जड जाईल, पण ती भरून काढायला तुम्ही बोलायला लागलात तर ती बैठक तुमची होईल आणि ते पुन्हा श्रोते होतील.

उदाहरण घेऊ. रात्रपाळी, दोन वाजलेत. मोल्डिंगचा सुपरवायझर वाळू मुठीत दाबून बघतो, हाताला ओल जास्त लागते. त्याला माहीत आहे की, वाळूत पाणी वाढलं तर ओतताना वाफ धरणार आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या मालात ब्लो होल, आतली पोकळी, येणार. लाइन थांबवावी तर सकाळी फळ्यावर साच्यांचे बॉक्स कमी दिसणार आणि ‘काय झोपला होतास काय रात्री?’ हे ऐकावं लागणार. न थांबवावी तर बॉक्सचा आकडा पुरा होईल, खोट दोन दिवसांनी फेटलिंगला नाहीतर मशीन शॉपला दिसेल, आणि तोवर कुणाच्या पाळीचा माल कोणता यावर भांडण लागेल. नेतृत्व म्हणतात ते तुमच्या कारखान्यात रात्री दोन वाजता त्या मुठीत असतं. ते शिकवायला कुणी वक्ता येऊ शकणार नाही, कारण तो त्या जागेवर कधी उभा राहिलेला नाही. तुमचे बावीसही जण उभे राहिलेत.

म्हणून ‘वरच्याला वाईट बातमी सांगणं’ यावरचा तुकडा ऐकवून झाला की, गटाला विचारा, ‘ओली वाळू हाताला लागली, तेव्हा तुम्हाला फोन कुणाला करावासा वाटतो? करता का? नाही केला तर का नाही?’ कुणी म्हणालं, ‘आम्ही सांगतोय की, पर ऐकतंय कोण,’ तर तिथं सोडू नका. ‘शेवटचं कधी सांगितलंत? कुणाला? नेमके काय शब्द वापरलेत? ते काय म्हणाले?’ प्रसंग जितका जवळून सांगितला जाईल तितकं शिकणं होतं, सांगणाऱ्याचंही आणि ऐकणाऱ्यांचंही. रेग रेव्हन्स नावाच्या इंग्रज विचारवंतानं १९४० च्या दशकात ब्रिटनमधल्या कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांना अशाच छोट्या गटांत एकमेकांच्या अडचणींवर बोलायला लावलं होतं. शिकणं म्हणजे पुस्तकी ज्ञान अधिक नेमके प्रश्न, असं त्याचं सूत्र होतं. पॉडकास्ट तुम्हाला पहिला भाग देतो. दुसरा त्या खोलीतल्या माणसांनीच आणायचा असतो.

बोलायची सुरुवात सगळ्यांत नव्या माणसापासून करा आणि मामांसारख्यांना शेवटी बोलू द्या. मोठ्यानं आधी सांगितलं की, लहान मान डोलावतो, ही आपल्याकडची रीतच आहे. आणि कृपा करून ‘आमच्या सुपरवायझरांना चर्चा जमत नाही’ असं मनात आणू नका. कोल्हापुरात पेठेच्या फुटबॉलचा सामना संपल्यावर कट्ट्यावर जाऊन उभ्या राहा. पास कुणी द्यायला हवा होता, बॅक जागा सोडून पुढं का गेला, गोलकीपरनं आधीच का सांगितलं नाही, हे सगळं कोण किती बारकाईनं बोलतं ते ऐका. कुणी शिकवलंय त्यांना? तुमच्यातलेही काही जण त्याच कट्ट्यावरचे असतील. तिथं ते बोलतात कारण सामना सगळ्यांनी बघितलेला असतो आणि बोलल्याबद्दल कुणाची पगारवाढ अडत नाही. तुमच्या खोलीत या दोन्ही गोष्टी आणा.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. पहिल्याच दिवशी सांगा की, इथं बोललेलं बाहेर जाणार नाही, कुणाच्या अप्रेझलमध्ये याची नोंद होणार नाही, हजेरीवर गुण नाहीत. आणि मग तो शब्द पाळा. एकदा मोडला तर पुढची दहा वर्षं तुमच्यासमोर कुणी बोलणार नाही. एक अपवाद मात्र आधीच सांगून ठेवा: कुणाच्या जिवाला धोका आहे असं काही कळलं, गार्ड काढून प्रेस चालवतात किंवा वितळलेला धातू न्यायचा लॅडल ओला असतानाही वापरतात असं काही, तर ते तुम्हाला वर सांगावंच लागेल. बैठकीनंतर सांगितलं तर ती चुगली वाटेल, आधी सांगितलं तर तो नियम होईल.

‘चर्चेचं नुसतं गुऱ्हाळ होईल’ अशी भीती तुमचे मालक बोलून दाखवतील. आपल्याकडे हा शब्द वाया गेलेल्या बोलण्यासाठी वापरतात, पण मला तो कधी पटला नाही. मी आजोळी गुऱ्हाळावर बसून मोठी झाले. काहिलीत रस पडतो तो पाण्यासारखा असतो. खाली चुलवाणात चिपाडं जळत असतात. रस तापला की भेंडीचं पाणी घालतात, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. रस आटत जातो, रंग बदलतो. गुळव्या काहिलीपाशी उभा असतो, थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघतो, आणि एका क्षणी म्हणतो, ‘उतरा.’ थोडं आधी उतरलं तर गूळ बसत नाही, थोडं उशिरा उतरलं तर करपतो. चर्चेचं असं खरोखरचं गुऱ्हाळ झालं तर मला हवंच आहे. तुमचं काम गुळव्याचं. पहिली वीस मिनिटं तक्रारींची मळी वर येईल. कॅन्टीनचा चहा, बसची वेळ, स्टोअरवाला. ती येऊ द्या, काढून बाजूला ठेवा, त्यावर चिडू नका. चाळिसाव्या मिनिटाला ‘उतरा’ म्हणा. प्रत्येकानं पुढच्या बैठकीपर्यंत करायची एकच गोष्ट सांगायची, आपल्या शब्दांत आणि बघता येईल अशी. ‘मी माणसांशी चांगलं वागेन’ हे नको. ‘पाळी सोपवताना मी पाच मिनिटं थांबून वाळूची स्थिती तोंडी सांगून जाईन’, ‘बिहारकडून आलेल्या दोन पोरांना काम सांगितल्यावर तेच मला उलट सांगायला लावीन’, असं. पुढच्या बैठकीची सुरुवात नव्या तुकड्यानं करायची नाही. ‘ठरवलं होतं ते केलं का, काय झालं?’ इथूनच करायची. नाही केलं म्हणाला तर ओरडू नका. का जमलं नाही हे विचारा, बरंच कळतं.

आता मालकांना काय सांगायचं. त्यांना खर्च वाचवायचाय, त्यात गैर काही नाही. पण त्यांना एक गोष्ट आधीच सांगा, आणि ती तुम्हीच सांगायला हवी, कारण दुसरं कुणी सांगणार नाही: या बैठकांतून त्यांच्याकडे प्रश्न येतील. लाइन थांबवणाऱ्याला सकाळी ओरडा बसतो का, सुपरवायझरनं रजा नाकारलेल्या माणसाला वरून फोन करून रजा मिळते का, ही असली बोलणी निघणारच. मघाशी त्या श्रोतामंडळांचं सांगितलं ना, तिथं गावाचे प्रश्न आकाशवाणीकडे जायचे आणि उत्तरं यायची. उत्तरं आली नसती तर लोक दुसऱ्या महिन्यात घरीच बसले असते. तेव्हा मालकांना म्हणा, ‘महिन्यातून दोन प्रश्न मी कुणाचंही नाव न घेता तुमच्यापर्यंत आणीन. हो म्हणा, नाही म्हणा, पण पंधरा दिवसांत उत्तर द्या.’ एवढं कबूल असेल तरच सुरू करा. आणि त्यांना बैठकीत बसू देऊ नका. हेतू चांगला असला तरी मालक कोपऱ्यात बसलेत म्हटल्यावर सगळे पुन्हा अंगठे दाखवायला लागतील. फोटोही नको.

ते विचारतील, ‘फायदा कसा मोजायचा?’ डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९५९ मध्ये प्रशिक्षण जोखायच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: लोकांना आवडलं का, ते काही शिकले का, कामावर वागणं बदललं का, आणि शेवटी कामाचा निकाल बदलला का. हॉटेलातल्या प्रशिक्षणानंतर तुम्ही जो फॉर्म भरून घेता तो पहिल्या पायरीवरच संपतो. तुम्ही तिसऱ्या पायरीकडे लक्ष ठेवा. पाळी सोपवायच्या रजिस्टरमध्ये पूर्वी नुसतं ‘ओके’ लिहिलेलं असायचं, आता काय लिहितात? रात्री अडचण आल्यावर फोन येतात का? नवा पोरगा पहिल्या महिन्यात पळून जाण्याचं प्रमाण कमी होतंय का? हे तुम्ही स्वतः वहीत टिपून ठेवा. रिजेक्शनचा आकडा मात्र या बैठकांना बांधू नका. तो वाळू, धातू, पॅटर्न अशा शंभर गोष्टींवर हलतो. एका महिन्यात वाढला तर लोक म्हणतील, बघा, चर्चा करून वाढलं.

सहा महिने टिकलात तर पुढचं एक पाऊल टाका, मला यातलं हेच सगळ्यांत आवडतं. बाहेरचे एपिसोड कमी करा आणि तुमचे स्वतःचे तयार करा. साधा मोबाइल, बंद खोली, आठ-दहा मिनिटं. निवृत्त झालेल्या एखाद्या मोल्डरला बोलवा आणि विचारा, ‘तुमच्या हातून झालेली सगळ्यांत मोठी चूक कोणती? तेव्हा वरचा माणूस तुमच्याशी कसा वागला?’ त्यांच्या परवानगीनं रेकॉर्ड करा, गटात ऐकवा. आपल्या भाषेत, आपल्याच भट्टीचं नाव घेऊन कुणी बोलायला लागलं की ऐकणारा सरसावून बसतो. उद्यमनगरातल्या छोट्या शेडपासून एमआयडीसीतल्या मोठ्या फाउंड्र्यांपर्यंत कोल्हापुरात किती ज्ञान असं माणसांच्या डोक्यात पडून आहे, आणि दर महिन्याला कुणी ना कुणी निवृत्त होऊन ते बरोबर घेऊन गावी जातंय. मला याची मनापासून हळहळ वाटते.

आणि आता मामा. पहिली बैठक ठरवण्याआधी त्यांच्याकडे जा. त्यांना केबिनमध्ये बोलावू नका, तुम्हीच त्यांच्या लाइनवर जा, हेल्मेट घालून, पाळी सुटायच्या थोडं आधी. शनिवारचा विषय रागानं काढू नका आणि हसण्यावारीही नेऊ नका. म्हणा, ‘मामा, तुम्ही विचारलंत ते बरोबर होतं. नुसतं ऐकून सुधारणार नाही. ओतकाम सुधारायचं तर आपण सुपरवायझरांनी कुठल्या प्रसंगावर बोलायला पाहिजे, तेवढं मला सांगा.’ त्यांनी एक प्रसंग सांगितला तर तो लिहून घ्या, आणि पहिला तुकडा त्याला जुळेल असा शोधा. त्यांनी काहीच सांगितलं नाही, नुसतं ‘बघू’ म्हणाले, तरी आठवड्यानं पुन्हा जा.

पहिल्या बैठकीला चहा सुरुवातीलाच द्या, मध्ये नको. कपबशा वाजल्या की, बोलणारा थांबतो आणि थांबलेला माणूस पुन्हा बोलत नाही. काय झालं ते मला कळवा. कुणीच बोललं नाही तरी कळवा, मग पुढचं आपण दोघी मिळून ठरवू.